नापास करा, साहेब

सिद्धप्पा : ...नापास करा म्हनायलोय मी, साहेब. दुसरं काय बी मागत न्हाय.

मंद्रूपकर : जरा थांबा. तुम्ही कोण म्हणालात?

सिद्धप्पा : सिद्धप्पा. चाटी गल्लीत कापडाचं दुकान हाय आमचं. आमचं म्हंजे थोरल्या भावाचं. त्या पलीकडच्या खोलीत जी पोरगी फळ्यावर वाकून नकाशा काढायलीय, नीलम्मा, तिचा बाप मी.

मंद्रूपकर : म्हणजे मुलगी तिकडे माझ्या नोकरीसाठी परीक्षा देतेय, आणि बाप माझ्या केबिनमध्ये येऊन सांगतोय, तिला घेऊ नका. इतकी वर्षं या गावात आर्किटेक्ट म्हणून बसलोय मी. 'घ्या' म्हणून गळ घालणारे पुष्कळ पाहिले. पुढारी पाहिले, गिरण्यांचे मॅनेजर पाहिले. 'घेऊ नका' म्हणणारे तुम्ही पहिलेच.

सिद्धप्पा : हळू बोला की, साहेब. मधी नुसती फळ्यांची भिंत हाय.

मंद्रूपकर : तुम्हाला नको होतं तर मुंबईला शिकायला कशाला पाठवलीत?

सिद्धप्पा : मीच पाठवली ना. सगळं घर उलटं बसलं हुतं. आमची आई दोन दिस जेवली न्हाय. शेवटाला शिवयोगीअण्णा, आमचा थोरला, म्हनला, "सिद्ध्या, जाऊ दे तिला. शिकंना का. पर परत आल्यावर तिचं लगीन मी ठरवनार, आन् त्यात तू तोंड उघडायचं न्हाय." मी व्हय म्हनलो. तवा पाच वर्सं म्हंजे लई लांबची गोष्ट वाटली, साहेब.

मंद्रूपकर : आणि आता ठरवलंय त्यांनी.

सिद्धप्पा : शुक्रवार पेठेतलं घर हाय. भुसार मालाचा मोठा व्यापार. पोरगा चांगला हाय, खोटं कशाला बोलू. बी.कॉम. झालाय, मोठ्यांपुढं आवाज चढवत न्हाय. पर बैठकीत त्याचा बाप म्हनला, "आमच्यात सून उंबऱ्याभाईर कामाला जात न्हाय." अण्णा म्हनला, "आमची बी जायची न्हाय." आन् सुपारी फुटली.

मंद्रूपकर : तुम्ही होतात तिथं?

सिद्धप्पा : अण्णाच्या शेजारीच बसलो हुतो.

मंद्रूपकर : काही बोलला नाहीत?

सिद्धप्पा : शब्द दिला हुता की तोंड न उघडायचा.

मंद्रूपकर : आणि मुलीला यातलं काही माहीत नाही.

सिद्धप्पा : स्थळ ठाऊक हाय. तिनं बी न्हाय म्हनलं न्हाय. एकच इचारलं, "अप्पा, मी नोकरी करणार ते त्यांना सांगितलंय ना?" मी म्हनलो, सांगतो की. मंग पेपरात तुमची जाहिरात आली. मलाच वाचून दाखवली. "बघा अप्पा, सोलापुरातच. सासरहून बी चालत जाता येईल." काय सांगू? म्हनलो, घाल अर्ज. वाटलं, बाईमानसाला कोन बोलवतंय. तर तुमी बोलावलंत.

मंद्रूपकर : आज सकाळी तरी सांगायचं होतं.

सिद्धप्पा : आज सकाळी ती पेन्सिली तासत बसली हुती, धाकट्या बहिनीला, बसव्वाला, शेजारी घिऊन. मी दारात उभा राहिलो. सांगायचंच म्हनून उभा राहिलो. तिनं वर बघितलं, तर माझ्या तोंडातनं काय निघावं? "टांगा आनू का?"

मंद्रूपकर : ती भांडेल म्हणून भिता?

सिद्धप्पा : भांडली तर बरंच हुईल की! ती न्हाय भांडायची. माझ्याकडं बघंल आन् ऐकंल. तेच सोसायचं न्हाय मला. तुमी न्हाय म्हनलात तर तुमच्यावर रागवंल. चार दिस रडंल, ह्या गावाला अक्कल न्हाय म्हनंल, आन् गप हुईल. तुमी परके. तुमचं काय जातंय?

मंद्रूपकर : माझं काय जातंय? माझा असिस्टंट कुवेतला निघून गेला. सिमेंटच्या परमिटासाठी कचेरीत मीच खेटे घालतोय, आणि रात्री... जाऊ दे. काल पुण्याचा एक मुलगा आला होता, त्याला साधा जिना बसवता येईना. मला माणूस हवंय, सिद्धप्पा. तुमच्या घरातली भांडणं मिटवायला मी इथं बसलेलो नाही.

सिद्धप्पा : हात जोडतो.

मंद्रूपकर : जोडू नका. खोटं नापास करणं मला जमणार नाही. जे सगळ्यांना विचारतो तेच तिला विचारीन. कमी पडली, तर ते तुमचं नशीब.

सिद्धप्पा : मंग कडक इचारा.

मंद्रूपकर : कडकच विचारतो मी.

नीला : सर, झालंय माझं. आणू का आत?

मंद्रूपकर : या. शीट इथं पसरा. पेपरवेट ठेवा त्या कोपऱ्यावर.

नीला : अप्पा, तुम्ही इथं? बाहेरच्या बाकावर बसला होतात ना?

सिद्धप्पा : आता... पानी प्यायला आलो हुतो. मी जातो भाईर.

मंद्रूपकर : जाऊ नका. बसा तिथंच. तुम्हीही ऐका. हं, नीलम्मा. एका ट्रस्टसाठी बारा खाटांचं प्रसूतिगृह काढायला सांगितलं होतं. हा शाईचा डाग कसला?

नीला : पेन ठिबकलं, सर. पत्तीनं खरवडणार होते, पण कागद फाटेल म्हणून ठेवला.

मंद्रूपकर : पश्चिमेला एकही वॉर्ड नाही. अख्खी बाजू वाया घालवलीत.

नीला : वाया नाही, सर. तिथं कोठी, धुणं आणि संडास-न्हाणी आहेत. सोलापूरचं वैशाखातलं ऊन त्यांनी खावं. बाळंतिणींना उत्तरेच्या खिडक्या दिल्यात.

मंद्रूपकर : हा व्हरांडा एवढा रुंद? ट्रस्टवाले म्हणतील, या जागेत आणखी चार खाटा बसल्या असत्या.

नीला : बसल्या असत्या. पण बाई एकटी येत नाही, सर. मंद्रूपहून, अक्कलकोटहून गाडी जुंपून येतात. आई, सासू, नवरा, एखादं रांगतं मूल. भाकरी बांधून आलेली असतात, दोन-तीन दिवस राहतात. त्यांना जागा दिली नाही, तर ती वॉर्डातच खाटांखाली झोपतात. म्हणून व्हरांडा, आणि टोकाला नळ.

मंद्रूपकर : लेबर रूमचं दार इथं का? समोर का नाही?

नीला : समोर ठेवलं तर आतला आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जातो. जिची वेळ अजून यायची आहे, ती घाबरते.

सिद्धप्पा : बराबर हाय.

मंद्रूपकर : तुम्हाला विचारलं नाही, सिद्धप्पा.

सिद्धप्पा : न्हाय न्हाय. चुकलं.

मंद्रूपकर : परांचीवर चढलात कधी?

नीला : चढलेय. पदर खोचून.

मंद्रूपकर : इथले गवंडी पोरीचं ऐकायचे नाहीत.

नीला : लगेच नाही ऐकणार. मुंबईत एका साइटवर मिस्त्री माझ्याकडे पाठ करूनच उभा राहायचा. मी त्याच्या पाठीलाच सांगायचे, भिंत ओळंब्यात नाही. शेवटी पाठीलाही कंटाळा येतो, सर.

मंद्रूपकर : हं. आता हे सांगा. या प्रसूतिगृहात सगळी मुलं जिवंत जन्मणार आहेत का?

नीला : म्हणजे?

मंद्रूपकर : म्हणजे एखादं दगावलं, तर त्याला बाहेर कुठून न्यायचं? तुमच्या नकाशात आत यायला आणि बाहेर जायला हे एकच दार आहे. याच व्हरांड्यातून, या सगळ्या सासवा-आयांच्या मधून? पेढे वाटत असतील त्यांच्या पुढ्यातून?

नीला : हे सुचलं नाही, सर.

मंद्रूपकर : सुचायला हवं होतं. हा काही शाईचा डाग नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी तुम्हाला नको म्हणू शकतो. काय हो, सिद्धप्पा? म्हणू शकतो ना?

सिद्धप्पा : मला काय इचारता, साहेब.

मंद्रूपकर : तुम्हालाच विचारतोय.

सिद्धप्पा : तिला... तिला कसं सुचंल पर ते? तिला कुनी सांगितलंय का कवा? तिच्या आधी एक पोरगा झाला हुता आम्हाला. सरकारी दवाखान्यात. दुपारी झाला आन् सांजच्याला गेला. नर्सनं टावेलात गुंडाळून हातात दिला. मी पुढल्या दारानंच आलो की. दुसरं दार कुटं हुतं? व्हरांड्यात कुनाला तरी पोरगा झालेला, त्यांचा म्हातारा सगळ्यांना पेढं वाटायला. मला बी दिला. माझ्या हातात काय हाय, त्याला काय ठाऊक. मी घेतला. न्हाय कसं म्हनायचं?

नीला : अप्पा... हे मला कधीच सांगितलं नाहीत.

सिद्धप्पा : सांगायचं काय त्यात? साहेब, पोरीला ठाऊक नव्हतं म्हनून राहिलं. आता इचारा की तिला. आता इचारून बघा.

मंद्रूपकर : मी विचारू?

सिद्धप्पा : इचारा.

मंद्रूपकर : नीलम्मा, काय करता येईल?

नीला : धुण्याच्या खोलीला लागून हा पॅसेज आहे, सर. तो पुढे वाढवला तर मागच्या गल्लीत दार काढता येईल. आणि दाराच्या आत एक लहानशी खोली. तिथं एक बाक. लगेच उठून चालायला लागू नये कुणाला. जरा वेळ बसता यावं. बापाला.

मंद्रूपकर : पेन्सिल आहे ना? काढा. हं. भिंत इथून फिरवा. बस्स.

नीला : सर, माझं...

मंद्रूपकर : सोमवारी सकाळी या. हेच प्रसूतिगृह पहिलं हातात घ्यायचं. ट्रस्टची जागा ठरलीय, पाया पावसाआधी निघायला हवा.

नीला : म्हणजे मी... खरंच, सर?

मंद्रूपकर : मी नोकरीच्या बाबतीत चेष्टा करत नाही. सिद्धप्पा, मी माझं काम केलंय. तुम्हाला आता काही बोलायचं असेल तर बोला.

सिद्धप्पा : साहेबांना नमस्कार कर, नीलव्वा. चल.

(खाली रस्त्यावर, ऑफिसच्या जिन्यापाशी.)

नीला : हळू चला की, अप्पा! तुम्ही बघितलंत ना, "एवढ्यावर नको म्हणू शकतो" म्हणाले, तेव्हा मला वाटलं संपलं. तुम्ही बोललात म्हणून. नाहीतर मी तशीच गप्प राहिले असते. आता घरी आधी आईला सांगायचं, मग बसव्वाला. नको, आधी बसव्वाला. ती बिचारी सकाळपासून—

सिद्धप्पा : नीलव्वा.

नीला : आणि शुक्रवार पेठेतल्यांनाही कळवू या ना आजच? त्यांनाही बरं वाटेल, तोंडी नाही, खरंच नोकरी लागलीय म्हणून.

सिद्धप्पा : नीलव्वा, थांब जरा. सावलीला ये.

नीला : काय झालं? चक्कर येतेय का?

सिद्धप्पा : त्यांना कळवायचं न्हाय.

नीला : का?

सिद्धप्पा : ते न्हाय म्हनलेत.

नीला : कशाला?

सिद्धप्पा : नोकरीला. सून कामाला जानार न्हाय, असं बैठकीतच ठरलं.

नीला : बैठकीत. म्हणजे सुपारी फुटायच्या आधी?

सिद्धप्पा : व्हय.

नीला : तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे.

सिद्धप्पा : व्हय.

नीला : मग जाहिरात वाचून दाखवली तेव्हा "घाल अर्ज" का म्हणालात? आज माझ्याबरोबर इथं का आलात?

सिद्धप्पा : वाटलं, हेच न्हाय म्हनतील. मंग मला काय सांगावं लागनार न्हाय.

नीला : तुम्ही पाणी प्यायला गेला नव्हतात त्यांच्या खोलीत.

सिद्धप्पा : न्हाय.

नीला : काय सांगितलंत त्यांना?

सिद्धप्पा : नापास करा म्हनून. मार मला, पर अशी बघू नगंस.

नीला : आणि मग मी अडकले, नापासच होत होते, तर तुम्हीच मधे बोललात. "आता विचारा तिला." ते का?

सिद्धप्पा : काय ठाऊक. तू मान खाली घातलीस. मला बघवलं न्हाय. तोंडातनं गेलं.

नीला : मी लग्नाला नाही म्हटलं तर?

सिद्धप्पा : अण्णा बसव्वाचं नाव काढून बसलाय. म्हनतो, थोरलीचं नीट पार पडलं तर धाकटीला कॉलेजात घालू. थोरलीनं तोंड काळं केलं, तर एका मॅट्रिकवर तिला बी उजवून टाकतो. त्याचं दुकान, त्याचं घर. मी तिथं गादीवर बसून कापड फाडतोय, एवढंच.

नीला : तुम्ही पुन्हा बोलून बघाल त्यांच्याशी?

सिद्धप्पा : बोलू का?

नीला : मला काय विचारताय, अप्पा?

सिद्धप्पा : बोललो तरी काय हुनार, सांग. मी बोलायला लागलो की तो हिशेबाची वही उघडतोय आन् चष्मा लावतोय. मी आपला उभाच. इतक्या वर्सांत मला त्याच्यापुढं एक वाक्य पुरं करता आलं न्हाय. तुझ्या मुंबईचं तेवढं झालं, ते बी त्यानंच अर्ध्यात तोडून हा करार केला.

नीला : म्हणजे माझं शिक्षणही कराराचंच होतं. पाच वर्षं मला वाटत होतं, तुम्ही जिंकलात.

सिद्धप्पा : मला बी वाटत हुतं.

नीला : त्या मुलाला हे पटलंय? एकदा बघायला आले तेव्हा विचारत होता, पूल पण तुम्हीच बांधता का. मी हसले होते.

सिद्धप्पा : तो बी बैठकीत हुता. खाली बघत हुता. माझ्यासारखाच.

नीला : बरं झालं सांगितलंत. त्याच्याकडून काही मागायला नको.

सिद्धप्पा : रडतेस का?

नीला : नाही. ऊन लागतंय डोळ्यांना. सोमवारी साहेब वाट बघतील.

सिद्धप्पा : मी सांगतो त्यांना. तू हितंच थांब. माझ्यामुळं झालंय, मी जातो वर.

नीला : नको. नोकरी तुम्हाला नाही दिलेली, मला दिलीय. नको म्हणायचं तर मी म्हणेन.

सिद्धप्पा : काय सांगशील?

नीला : लग्न ठरलंय म्हणेन. बाकीचं तुम्ही त्यांना आधीच सांगितलंय.

सिद्धप्पा : मी बी येतो संगट.

नीला : एवढं मला एकटीला करू द्या, अप्पा.

कुंडलिक : आवं, बाय परत वर गेल्या जनू? कायतरी इसारलं का?

सिद्धप्पा : तुमी कोन?

कुंडलिक : मी कुंडलिक, हितला शिपाई. साहेबांचा च्या घिऊन चाललो हुतो. मगाशी तुमाला पानी म्याच दिलं की.

सिद्धप्पा : व्हय व्हय. ध्यानात न्हाय राहिलं.

कुंडलिक : नोकरी लागली म्हनं बायला. वर साहेब सवताशीच बोलायलं हुतं, "जमलं बुवा एकदाचं." लई दिसांनी त्येंच्या तोंडावर हसू बघितलं. पेढं द्या की आता.

सिद्धप्पा : देतो.

कुंडलिक : आज न्हाय तर सोमवारी द्या. मी कुटं जातोय? आमी करकंब गावचं, गोडाला न्हाय म्हनत न्हाय.

सिद्धप्पा : च्या थंड हुईल, कुंडलिक. तुमी... जरा थांबून जावा वर.

कुंडलिक : का?

सिद्धप्पा : बोलायलेत दोघं.

कुंडलिक : मंग थांबतो. तुमी बसा की. पायरीवर बसा. घाम लई आलाय तुमाला.

सिद्धप्पा : न्हाय. उभाच बरा हाय.

कुंडलिक : ह्या आल्याच बगा बाय. आता जाऊ का च्या घिऊन?

नीला : जा. गरम असेल तर द्या त्यांना.

सिद्धप्पा : काय म्हनले?

नीला : काही नाही.

सिद्धप्पा : रागावले?

नीला : नाही. उभे राहिले.

सिद्धप्पा : उभे राहिले म्हंजे?

नीला : खुर्चीतून उठून उभे राहिले, अप्पा. मी बोलून संपवलं, दारापर्यंत आले, तरी उभेच होते.

सिद्धप्पा : नीलव्वा, मी आज अण्णाला...

नीला : नका. म्हणू नका. मला परत वाट बघायला लावू नका.

सिद्धप्पा : टांगा आनू?

नीला : चालत जाऊ. लांबच्या रस्त्यानं. घरी गेल्यावर बसव्वा दारातच विचारेल, तोवर काहीतरी ठरवायला पाहिजे, तिला काय सांगायचं ते.

सिद्धप्पा : ऊन लई हाय गं.

नीला : तुम्ही भिंतीकडच्या बाजूनं चला, अप्पा. तिकडं सावली आहे.